उन्हाळ्यात एकटीनं घाट चढायचाय? परतीची वेळ घरीच ठरवा

*ताई, नमस्कार. मी मूळची नाशिकची, गेली चार वर्षं अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला राहते. वय ४९. मुलगा शिकायला दुसऱ्या राज्यात गेलाय. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून हे मेपासून पुण्याला आहेत, ऑगस्टअखेर येतील. मी मराठी शाळेत शिकवते, तिलाही आता सुट्टी. दिवसभर घर, एसी आणि ओढलेले पडदे. गाडी मला येते, पण लांब जायचं तर हेच चालवतात आणि मी शेजारी बसते. सकाळी लांबचे डोंगर दिसले की वाटतं, एकटीनं गाडी काढावी आणि त्याच दिवशी परत यावं. मैत्रीण म्हणते, "वेड लागलंय का? ११० डिग्रीत? गाडी बंद पडली तर?" हे म्हणतात, "नोव्हेंबरात मी असेन, तेव्हा जाऊ." आणि मलाही टोचतं, सासरे अंथरुणावर असताना मी भटकायला जाणं बरं दिसेल का? गाडी आठ वर्षं जुनी सेडान आहे. ग्रँड कॅनियन एका दिवसात होईल का? की हा नादच सोडू?*
*— घाट चढायचाय, चँडलर*

प्रिय 'घाट चढायचाय',

जा. नोव्हेंबरपर्यंत थांबू नका. नोव्हेंबरात चँडलरची सकाळच इतकी सुखाची असते की डोंगराची आठवणही होत नाही. डोंगर हवाय तो आत्ता.

पण तुमच्या मैत्रिणीलाही उडवून लावू नका. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला टेकला किंवा त्याच्या वर गेला. त्या वर्षी मरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स-चँडलरच्या आपल्या काउंटीत, उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यामुळे तिला "काही होत नाही गं" असं सांगून चालणार नाही. तिचा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं.

ते उत्तर असं की एकटीनं जाताना महत्त्वाचे सगळे निर्णय घरून निघण्याआधी घ्यायचे. उन्हाचा त्रास व्हायला लागला की सर्वांत आधी गडबडतो तो विचार. माणूस चिडचिडा होतो, साधी बेरीज चुकते, "अजून थोडं पुढे जाऊ" असा हट्ट धरतो. शेजारी कुणी असलं तर ते म्हणतं, "तू अशी काय बोलतेयस? चल सावलीत, पाणी पी." एकटीला हे सांगणारं कुणी नसतं, आणि आपलं बिघडलंय हे ज्या डोक्यानं ओळखायचं तेच डोकं बिघडलेलं असतं. म्हणून किती वाजता परत फिरायचं, कुठल्या ठिकाणाच्या पुढे जायचं नाही, पाणी कितीवर आलं की गाडी वळवायची, हे आदल्या रात्री शांतपणे बसून कागदावर लिहा. रस्त्यावर नवा विचार करायचा नाही, कागद पाळायचा.

सासऱ्यांबद्दलही आत्ताच बोलते, कारण ते टोचणं घेऊन गाडी चालवू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही पडदे ओढून घरात बसलात म्हणून पुण्यात त्यांची जखम लवकर भरून येणार नाही. मुलगा त्यांच्याजवळ आहे, हवं-नको बघतोय. तुमच्या वाट्याला आलंय ते तीन महिने परदेशात एकटीनं राहणं, आणि त्यासाठीही मन ताजं लागतं. रोजचा फोन चालू असेलच, तो चालू ठेवा. आणि जाणार असाल तर त्यांच्यापासून लपवू नका. आजारी माणसाच्या कानावर दिवसभर औषधं, ड्रेसिंग आणि रिपोर्ट याच गोष्टी पडत असतात. सूनबाईनं घाट कसा चढला हे ऐकायला त्यांना आवडेल, बघा विचारून.

आता कुठे जायचं. इथल्या उन्हाळ्यात मैल मोजण्याआधी उंची मोजायची. वर चढताना हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश सेल्सिअसनं थंड होते, वाळवंटातल्या कोरड्या दुपारी हा फरक नऊ-दहा अंशांपर्यंतही जातो. चँडलर समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेचारशे मीटरवर आहे. पेसन हे गाव साधारण १,५०० मीटरवर. तुम्ही नाशिकच्या, म्हणून कळसूबाईचा आकडा सांगते: १,६४६ मीटर. म्हणजे पेसनला पोचलात की कळसूबाईच्या माथ्याच्या थोडं खाली आलात. पेसनच्या पुढचा मोगोयॉन रिम त्याहून पुष्कळ वर, साधारण २,३०० मीटरवर आहे. चँडलरला ४३ असेल तेव्हा तिथे बहुधा तिशीच्या आसपास असतं, सकाळी तर हातभर बाह्यांचं काहीतरी अंगावर हवंसं वाटतं.

पहिली फेरी तिकडेच करा. रस्ता तुमच्या दारातूनच जातो. चँडलरचा अ‍ॅरिझोना अव्हेन्यू मेसामध्ये कंट्री क्लब ड्राइव्ह होतो, आणि तोच पुढे सॉल्ट रिव्हर ओलांडून बीलाईन हायवे बनून डोंगरात शिरतो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना साग्वारो निवडुंग, उजवीकडे फोर पीक्सची चार शिखरं. मग लांब चढ-उतार, मग पेसन. पेसनला थांबून टाकी पुन्हा पूर्ण भरा, अर्धी असली तरी भरा. तिथून रूट २६० नं पूर्वेला वळलं की तासाभराच्या आत रस्ता रिमची भिंत चढतो. हा रिम म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटर लांबीचा तुटलेला कडा आहे. कोकणातून वर बघताना सह्याद्री दिसतो तसा खालून दिसतो, आणि माथ्यावर सपाट पठारावर पाँडेरोसा पाइनचं जंगल. वर गेल्यावर डाव्या हाताच्या जंगलरस्त्यानं काही मैलांवर वुड्स कॅनियन लेक आहे. तळ्याकाठी खुर्ची टाकून दशमी-चटणी खायला याहून चांगली जागा त्या भागात मला माहीत नाही. पाइनच्या खोडाला नाक लावून बघा, उन्हानं तापलेल्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो.

शुक्रवार दुपार आणि रविवार दुपार बीलाईनवर टाळा. अख्खं फिनिक्स वर जात असतं किंवा खाली येत असतं. तुम्हाला शाळेची सुट्टी आहे, आठवड्यातला मधला वार घ्या.

दुसरी फेरी, पहिली नीट झाल्यावर, टूसॉनच्या माउंट लेमनची. हा घाट माझा फार लाडका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चँडलरहून आय-१० महामार्गानं टूसॉन दीड तास, शहर ओलांडून ईशान्य टोकाला गेलं की कॅटलिना हायवे सुरू होतो. पायथ्याशी सोनोरन वाळवंट: साग्वारो, काटेरी चोया, पिवळट माती. पहिली काही वळणं घेईपर्यंत उतारांवर साग्वारोंची गर्दी असते. मग साधारण १,२०० मीटरच्या आसपास ते विरळ होतात, आणि एका वळणानंतर लक्षात येतं की आता एकही दिसत नाही. साग्वारोला सलग गोठवणारी थंडी सोसत नाही, म्हणून त्याची हद्द तिथे संपते. त्याच्या जागी ओक येतात, मग ज्युनिपर, मग विंडी पॉइंटपाशी खडकांचे उभे सुळके, त्यांच्यानंतर पाइन, आणि समरहेवन गावाजवळ, साधारण २,४०० मीटरवर, फर आणि अ‍ॅस्पेन. सी. हार्ट मेरियम नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानं १८८९ मध्ये याच राज्यातल्या सॅन फ्रान्सिस्को पीक्सवर फिरून उंचीप्रमाणे वनस्पतींचे पट्टे कसे बदलतात याचा सिद्धांत मांडला. तो पुस्तकात वाचण्यापेक्षा या ४०-४५ किलोमीटरच्या रस्त्यावर तासाभरात डोळ्यांनी दिसतो. वर चढून गेलात की मेक्सिकोच्या सीमेवरून कॅनडात गेल्याइतका फरक पडतो, असं तिथले लोक सांगतात, आणि झाडं बघितली तर ते पटतं.

हा रस्ता कैद्यांनी बांधलाय. १९३३ साली काम सुरू झालं, १९५० मध्ये संपलं. वाटेत उजाड पडलेल्या कैदी छावणीच्या जागी आज गॉर्डन हिराबायाशी यांच्या नावाचा कँपिंगचा तळ आहे. ते सिएटलचे विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना घराबाहेर काढून छावण्यांत डांबायचा हुकूम निघाला, तो त्यांनी मानला नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, ते हरले. शिक्षा भोगायला टूसॉनला पाठवायला सरकार पैसे देईना, तर ते रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून लिफ्ट मागत इथवर आले. चाळीसहून अधिक वर्षांनी न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. तिथे थांबा, दगडी पायऱ्या आणि भिंतींचे अवशेष बघा. घाईनं वर जाण्यापेक्षा ती दहा मिनिटं मोलाची आहेत.

या घाटात पहाटेपासून सायकलवाले चढत असतात. त्यांच्या बाजूनं जाताना निदान तीन फूट अंतर ठेवायचं, हा इथला कायदा आहे. वळणावर समोरचं दिसत नसेल तर त्यांच्या मागे धीर धरून चाला. मागची गाडी हॉर्न वाजवत असेल तर रस्त्याकडेची रुंद जागा बघून तिला पुढे जाऊ द्या. आणि डोंगरावर पेट्रोल मिळेल असं धरून चालू नका, टूसॉनलाच भरा.

ग्रँड कॅनियन एका दिवसात? नको. चँडलरहून जायला पावणेचार तास, यायला तेवढेच. म्हणजे साडेसात तास स्टिअरिंगवर, आणि कॅनियन बघायला भर दुपारचे चार तास. मुक्काम करून जा, मग सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही मिळतील. अपाचे ट्रेल हा डोंगरातला रस्ताही सुचवेल कुणीतरी. टॉर्टिया फ्लॅटच्या पुढचा कच्चा भाग तुमच्या सेडानसाठी नाही. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचं नावही काढू नका: तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलंय, आणि तिथे जायलाच अख्खा दिवस लागतो.

आता परतीची वेळ. माझा आग्रह आहे की घर पहाटे पाचला सोडायचं आणि वरून दुपारी बाराला निघायचं. साडेबारा नाही. जूनमध्ये इथे सव्वापाचच्या सुमाराला सूर्य उगवतो, म्हणजे वाळवंटाचा टप्पा कोवळ्या उन्हात संपतो आणि सात-साडेसातपर्यंत तुम्ही थंड हवेत असता. चार-साडेचार तास निवांत मिळतात. बाराला निघालात की तीनच्या आत घरी. उशीर केलात तर या भागातल्या उन्हाळ्याच्या सगळ्या आपत्ती त्याच वेळात गाठतात: सर्वांत तापलेला रस्ता, ढगफुटी, धुळीचं वादळ, आणि अंधार पडता पडता रूट २६० वर उतरणारे एल्क. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर. त्या रस्त्यावर त्यांच्या धडकांमुळे जनावरांसाठी खास बोगदे बांधावे लागलेत.

जूनच्या मध्यापर्यंत तरी आभाळ बहुतेक कोरडं असतं. तेव्हा धोका वणव्याचा. निघायच्या आदल्या दिवशी टोंटो, कोरोनाडो आणि अपाचे-सिटग्रीव्ह्ज या राष्ट्रीय वनांचे निर्बंध बघा. कधी कधी अख्खं जंगल बंद करतात. आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरनंही आग लागते.

मग येतो पाऊस. त्याला इथेही मॉन्सूनच म्हणतात, हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर धरतं, आणि टूसॉनची जुनी माणसं २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणापासून त्याची वाट बघतात. आपल्याकडे मृगाची बघतात तशीच. पण हा पाऊस झड लावून पडत नाही. सकाळ स्वच्छ, अकराच्या पुढे डोंगरावर पांढरे ढग फुगायला लागतात, दोन-तीनला काळे होतात आणि तासाभरात सगळं ओतून मोकळे होतात. रिमच्या काठावर विजा फार पडतात. म्हणून जुलैत ढगाचा बुडखा काळा दिसला की बारा वाजले नसले तरी डबा बंद करायचा आणि गाडीत बसायचं. हेही कागदावर लिहा.

ओढ्यांबद्दल मला जास्त काळजी आहे. १५ जुलै २०१७ ला पेसनच्या उत्तरेला डोहात डुंबायला गेलेल्या एकाच कुटुंबातली दहा माणसं लोंढ्यात गेली, लहान मुलांसकट. पाऊस त्यांच्या डोक्यावर पडत नव्हता. तो काही मैल वर, नुकत्याच जळालेल्या जंगलात पडला. जळालेली जमीन पाणी पिऊ शकत नाही, सगळं राख-ओंडक्यांसकट खाली आलं. तेव्हा पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात बसून डबा खायचा नाही, मग पात्र कितीही कोरडं आणि सावलीचं असो. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको: फरशीवरून पाणी जात असताना एसटीसुद्धा थांबते. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं, दोन फूट असेल तर बहुतेक कुठलीही. अ‍ॅरिझोनात तर १९९५ पासून कायदाच आहे, लावलेला अडथळा ओलांडून पाण्यात गाडी घातली आणि अडकलात, तर सुटकेचा खर्च, २,००० डॉलरपर्यंत, तुमच्याकडून वसूल होतो.

धुळीचं वादळ आय-१० वर, विशेषतः एलॉय ते पिकाचो पीकच्या पट्ट्यात, कधीही समोर उभं राहतं. तपकिरी भिंत चालत येताना दिसते. इथे आपली घाटातली सवय मोडावी लागेल. धुक्यात आपण दिवे चालू ठेवून कडेला थांबतो. धुळीत उलट करायचं: रस्त्यावरून जमेल तितकं बाहेर उतरायचं, गाडी थांबवायची, सगळे दिवे बंद, हँडब्रेक ओढायचा आणि ब्रेकवरून पाय काढायचा. कारण मागून येणाऱ्याला काहीच दिसत नसतं, तो पुढच्या लाल दिव्याचा माग काढत येतो आणि थांबलेल्या गाडीवर आदळतो. सीटबेल्ट काढू नका. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात निवळतं.

गाडी आठ वर्षांची असली तरी हरकत नाही, टायर आठ वर्षांचे नकोत. उद्या सकाळी गाडी सावलीत असताना टायरच्या बाजूला वाकून बघा. डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. बाहेरच्या बाजूला ते दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतात. सहा वर्षांपेक्षा जुना निघाला, तर नक्षी कितीही शाबूत दिसो, दुकानात दाखवून घ्या. इथल्या डांबरावर जुनं रबर आतून सुटतं आणि भर वेगात फुटतं. हवा पहाटे थंड टायरमध्ये तपासा, आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्या. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. डिकीतली स्टेपनी उघडून बघा, बरेचदा तिच्यातच हवा नसते, आणि काही गाड्यांत स्टेपनीऐवजी नुसती पंक्चरची बाटली असते. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. फिनिक्सच्या उन्हात ती दोन-तीन वर्षांतच दम सोडते, आणि सोडते ती कसलीही सूचना न देता.

चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या खाली. विचित्र वाटेल, पण हीटर इंजिनातली उष्णता बाहेर खेचतो. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला थांबा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. उतरताना गाडी खालच्या गिअरात टाका, ऑटोमॅटिकलाही तो असतो. कसारा घाटात ट्रकवाले उतरतात तसं उतरायचं, ब्रेकवर सतत पाय ठेवून नाही.

गाडी बंदच पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. हे मी दोनदा लिहिलं असतं. गाडी लांबून आणि वरून दिसते, चालणारी बाई दिसत नाही. बॉनेट उघडं ठेवा, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर गाडीच्या सावलीत बसा. बंद गाडीच्या आत बसू नका, दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंश सेल्सिअसनं वाढतं. चादर आणि मोठी छत्री डिकीत असू द्या.

पाणी. दिवसाला माणशी चार लिटर हा इथला साधा हिशेब आहे. तुम्ही आठ घ्या, चार पिण्याचं आणि चार डिकीत राखीव. राखीवाचं झाकण फोडायची वेळ आली की गाडी वळवायची, हाही कागदावरचा नियम. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ घातलेली एक बाटली वेगळी ठेवा.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपण बायका प्रवासात पाणी पीत नाही. एसटी कुठे थांबेल, तिथलं बाथरूम कसं असेल, या धास्तीनं सकाळपासून घसा कोरडा ठेवायची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते, आणि ती सोबत इथवर येते. चँडलर ते पेसन या वाळवंटाच्या पट्ट्यात ही सवय जीवावर बेतेल. तेव्हा थांब्यांचाच आराखडा आधी करा: निघताना घरी, मग पेसनचा पेट्रोल पंप, मग वुड्स कॅनियन लेकजवळचं स्वच्छतागृह. माउंट लेमनला जाताना टूसॉनचा पंप, मग वाटेतल्या पिकनिकच्या जागा. जंगलातली स्वच्छतागृहं पाण्याशिवायची असतात, म्हणून कागद, हात धुवायचं जेल आणि पाण्याची छोटी बाटली पर्समध्ये ठेवा. दोन-अडीच तासांत लघवीला जावंसं वाटलं नाही किंवा रंग गडद असेल, तर तुम्ही कमी पाणी पिताय. बीपीची गोळी चालू असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी जास्त जातं.

फोनवर सगळी भिस्त ठेवू नका. काचेपाशी उन्हात लावलेला फोन तापून बंद पडतो, आणि घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. नकाशा आधी डाउनलोड करा, शिवाय कागदी नकाशा घ्या. आयफोन १४ किंवा त्यानंतरचा असेल तर त्यात रेंज नसताना उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे. ती कशी वापरायची याचा सराव घरच्या अंगणात करून बघा, त्यासाठी डेमो दिलेला असतो. रस्ते बंद आहेत का हे ५११ या फोन नंबरवर कळतं.

राहिली ती तुमची वाट बघणारी व्यक्ती. तुम्ही म्हणाल, यजमान आहेत ना फोनवर. पण पुणं इथून साडेबारा तास पुढे आहे. तुम्ही पहाटे पाचला निघाल तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेपाच, आणि तुम्ही दुपारी तीनला घरी याल तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन. नेमक्या काळजीच्या तासांत ते झोपलेले असतील, किंवा जागे राहून हतबल असतील. त्यांना निघतानाचा फोन करा, आणि परत आल्याचा मेसेज टाका, उठल्यावर वाचतील. घड्याळाकडे बघणारं माणूस मात्र चँडलरमधलं हवं, आणि ते तुमची तीच मैत्रीण. जिला इतकी काळजी वाटते तिच्याइतकं चोख हे काम दुसरं कुणी करणार नाही. तिला एक कागद द्या: गाडीचा नंबर आणि रंग, जायचा-यायचा रस्ता, कुठे थांबणार, तीन मेसेजच्या वेळा. पोचल्यावर, वरून निघताना, घरी आल्यावर. साडेतीनपर्यंत शेवटचा मेसेज नाही आला तर तिनं फोन करायचा. साडेपाचपर्यंत लागला नाही तर ९११ ला कळवायचं. इथे शोधमोहीम काउंटीचा शेरीफ चालवतो आणि त्याला पहिला प्रश्न हाच असतो की कुठला रस्ता. या दोन वेळा तिला बदलू देऊ नका आणि तुम्हीही बदलू नका. दुसऱ्या रस्त्यानं यावंसं वाटलं तरी त्या दिवशी यायचं नाही, पुढच्या वेळी आधी लिहून जायचं.

यजमानांना सांगताना परवानगी मागितल्यासारखं विचारू नका. बेत सांगा: हा रस्ता, ही वेळ, हिच्याकडे कागद, टायर तपासलेत. "नोव्हेंबरात जाऊ" याच्यामागे त्यांची भीतीच आहे, आणि ती असा तपशील ऐकूनच थोडी कमी होईल. ते परत आल्यावरही लांबच्या रस्त्याला तुम्ही अधूनमधून गाडी चालवा, त्यांना शेजारी बसू द्या.

पहिल्या वेळी पेसनपर्यंतच जायचं ठरवलंत तरी चालेल. रिम चढायचा की नाही हे आदल्या रात्री ठरवा, पेसनच्या पंपावर नाही. पुढच्या बुधवारचं हवामान बघून ठेवा, आणि जाऊन आलात की कुठली वळणं अवघड गेली, उतरताना ब्रेकवर किती पाय पडला, हे मला कळवा. माउंट लेमनला लगेच जायचं की आधी बीलाईनचीच आणखी एक फेरी करायची, ते त्यावरून सांगते.

तुमची,
ताई